पानांची खूण

विद्यार्थी मित्रांनो, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर तुम्ही कधी शेताच्या बांधावरून चालला आहात का? शहरात राहत असाल, तर शाळेच्या मैदानाच्या कडेने चालून पाहा. कालपर्यंत जिथे नुसती धूळ उडत होती, तिथे आज गवताची हिरवी टोके वर आलेली असतात. गोगलगाई, गांडुळे, मुंग्यांच्या रांगा, बेडकाची इवलीशी पिल्ले असे कितीतरी जीव बाहेर पडलेले असतात. लाल मखमली अंगाचे मृगाचे किडे तर हमखास दिसतात. उर्दूत तुम्ही त्यांना बीरबहूटी म्हणता. अशा वेळी पाऊल कुठे टाकावे, हेच कळेनासे होते.

असाच प्रश्न सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी काही लोकांना पडला होता. आजच्या बिहार राज्यात राजगीर नावाचे गाव आहे. त्या काळी त्याला राजगृह म्हणत. तेथे बांबूंचे एक मोठे बन होते. बांबूला मराठीत वेळू असेही म्हणतात, आणि त्या बनाचे नावही वेळुवन असेच होते. भगवान बुद्ध आपल्या भिक्षूंसह तेथे राहत असत. भिक्षू म्हणजे घरदार सोडून, भिक्षा मागून जगणारे बुद्धांचे शिष्य. ते गावोगाव पायी फिरत आणि लोकांना उपदेश करीत. उन्हाळा असो, हिवाळा असो की पावसाळा, त्यांचे चालणे थांबत नसे.

लोकांना हे आवडले नाही. ते उघडपणे नावे ठेवू लागले. “हे कसले साधू? भर पावसात हिंडतात, कोवळे गवत तुडवतात, पायांखाली किती जीव मरतात याचे त्यांना भान नाही. पाखरेसुद्धा पावसाळ्यात झाडावर घरटे बांधून एका जागी राहतात!” अशा अर्थाची ही तक्रार होती. ती बुद्धांच्या कानांवर गेली. ते रागावले नाहीत. लोकांचे म्हणणे त्यांना पटले. भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहावे, असा नियम त्यांनी घालून दिला. या राहण्याला ‘वर्षावास’ म्हणतात. आजही अनेक देशांतील बौद्ध भिक्षू तो पाळतात.

गंमत पाहा. जीव जपण्याचा हा धडा भिक्षूंनी लोकांना दिला नाही. उलट साध्यासुध्या लोकांनीच तो भिक्षूंना दिला, आणि लोकांना तो सुचला पाखरांकडे पाहून! मला तर या हकिकतीतील हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. मोठ्या माणसाला आपली चूक कोणी दाखवून दिली, तर तो ती सुधारतो. भिक्षूंचे पुढचे नियमही याच वाटेने गेले. झाड तोडायचे नाही. पाणी प्यायचे तर गाळून, म्हणजे त्यातले बारीक जीव पोटात जाणार नाहीत. भिक्षूजवळ अगदी मोजक्या वस्तू असत, पण त्यांत पाणी गाळण्याचे फडके असेच.

आता थोडे शब्दांकडे वळू. या पाठात दोन शब्द पुन्हा पुन्हा येणार आहेत. पहिला ‘करुणा’. दुसऱ्याचे दुःख पाहून ते दूर करावे असे वाटणे, म्हणजे करुणा. तुमच्या भाषेत ‘रहम’ म्हणा. बौद्ध ग्रंथांत तिच्या जोडीला ‘अनुकंपा’ असाही एक शब्द येतो. अनु म्हणजे मागोमाग आणि कंप म्हणजे थरथर. दुसरा दुःखाने थरथरला की त्याच्याबरोबर आपणही थरथरणे, ही अनुकंपा. उर्दूतला ‘हमदर्दी’ हा शब्द आठवतो ना? हम म्हणजे सोबत आणि दर्द म्हणजे दुःख. दोन वेगळ्या भाषा, पण शब्द घडवणाऱ्यांच्या मनात एकच गोष्ट होती.

दुसरा शब्द ‘कृतज्ञता’. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले, हे जो जाणतो तो कृतज्ञ. याला उर्दूत फार नेमका शब्द आहे, ‘एहसानशनास’. जो विसरतो त्याला तुम्ही ‘एहसानफरामोश’ म्हणता. मराठी आणि संस्कृत इथे जास्त कठोर आहेत. त्या म्हणतात ‘कृतघ्न’. यातील ‘घ्न’ म्हणजे मारणारा. उपकार विसरला तो नुसता विसराळू नव्हे. त्याने तो उपकार मारून टाकला!

माणसाचे उपकार आपण ओळखतो, निदान ओळखायचा प्रयत्न करतो. आईवडिलांचे उपकार, शिक्षकांचे उपकार. पण झाडाचे? नदीचे? बौद्ध परंपरेने हा प्रश्न फार मनापासून विचारलेला आहे.

बुद्धांच्या आयुष्यातील मोठे प्रसंग झाडांखालीच घडले, असे ही परंपरा सांगते. लुंबिनीच्या वनात सालवृक्षाखाली त्यांचा जन्म झाला. बोधगयेला पिंपळाखाली त्यांना ज्ञान मिळाले. कुशीनगरला दोन सालवृक्षांच्या मधोमध त्यांनी देह ठेवला. यांपैकी बोधगयेची हकिकत तुम्हांला सांगतो. ज्ञान मिळाल्यावर बुद्ध त्या पिंपळापासून थोडे दूर गेले आणि त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले. एक आठवडाभर ते त्या झाडाकडे पापणी न लववता पाहत राहिले, अशी कथा आहे. ज्या झाडाने आपल्याला सावली दिली, त्याचे ते असे आभार मानत होते. त्या जागेला ‘अनिमेषलोचन’ म्हणतात. अनिमेष म्हणजे न मिटणारे आणि लोचन म्हणजे डोळे. बोधगयेच्या महाबोधी मंदिराच्या आवारात ती जागा आजही दाखवतात.

तुम्ही म्हणाल, झाडाला ना डोळे ना कान. त्याचे आभार मानले तर त्याला काय कळणार? खरे आहे. पण त्या पिंपळाने तरी सावली देताना कोठे विचारले होते, की खाली बसलेला हा माणूस कोण आहे आणि तो पुढे माझे नाव घेईल की नाही? ज्या झाडाच्या सावलीत आपण बसलो, त्याची फांदी मोडणे म्हणजे मित्राला दगा देणे, असा विचार जुन्या पाली ग्रंथांत आलेला आहे. पाली ही त्या काळची भाषा. याच भाषेत ‘जातककथा’ लिहिलेल्या आहेत. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. बुद्ध होण्यापूर्वीच्या जन्मांत ते कधी हरीण होते, कधी हत्ती, कधी माकड, कधी पोपट, अशी या कथांमागची कल्पना आहे. त्या जन्मांतील बुद्धांना ‘बोधिसत्त्व’ म्हणतात.

त्यांतील पोपटाची कथा ऐका.

गंगेच्या काठी उंबराचे एक झाड होते. त्यावर पोपटांचा मोठा थवा राहत असे. उंबर पिकले की सारे पोपट पोटभर फळे खात. पण एक दिवस फळे संपली. मग कोण थांबतो? सगळे उडून दुसरीकडे गेले. एकटा त्यांचा राजा तेवढा थांबला. फळे नाहीत तर पालवी, पालवी नाही तर पाने, पाने नाहीत तर साल, असे जे मिळेल ते तो खाई आणि वरून गंगेचे पाणी पिई. देवांचा राजा शक्र, म्हणजे इंद्र, याला हे कळले. त्याला पोपटाची परीक्षा पाहावीशी वाटली. त्याने आपल्या सामर्थ्याने ते झाड पार वाळवून टाकले. खोडाला भोके पडली. वारा आला की भोकांतून भुसा उडे. पोपट तो भुसा खाऊन राहिला. ऊन पाहिले नाही, वारा पाहिला नाही. वठलेल्या खोडाच्या टोकावर तो बसून राहिला.

शेवटी शक्र हंसाचे रूप घेऊन जवळच्या झाडावर येऊन बसला. त्याने विचारले, “अरे, फळे असतात तेव्हा पाखरे झाडावर येतात आणि फळे संपली की जातात. ही जगाची रीत आहे. तू या वाळक्या लाकडावर का बसला आहेस?”

पोपट म्हणाला, “या झाडाने मला खाऊपिऊ घातले. ते आता माझे नातलग झाले आहे. आज त्याच्याजवळ देण्यासारखे काही उरले नाही, म्हणून मी त्याला सोडून कसा जाऊ?”

शक्र प्रसन्न झाला. “वर माग,” म्हणाला. आता आपण असतो तर काय मागितले असते? दुसरे हिरवे झाड मागितले असते, बारमाही फळे मागितली असती. पोपटाने स्वतःसाठी काहीच मागितले नाही. हे झाड पुन्हा जगू दे, एवढेच तो म्हणाला. शक्राने ओंजळीत गंगेचे पाणी घेऊन त्या खोडावर शिंपडले. झाडाला फांद्या फुटल्या, पाने आली, फळे लगडली.

या कथांचा आणि आपल्या महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. वर्षावासाचा नियम आला, तसा भिक्षूंना पावसाळ्यात राहण्यासाठी निवाऱ्याची गरज पडू लागली. आपल्याकडे सह्याद्रीचा काळा कातळ आहे. तो खोदून भिक्षूंसाठी लेणी तयार झाली. भारतात सर्वांत जास्त लेणी महाराष्ट्रात आहेत. त्यांतील अजिंठ्याची लेणी जगभर गाजलेली आहेत. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर वाघोरा नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालेसारख्या कड्यात ती खोदलेली आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत हे काम झाले, मध्ये बराच काळ ते थांबलेही होते.

पावसाळ्यात तेथे गेलात तर कडा हिरवागार असतो आणि नदीचे पाणी वरून धो धो कोसळत असते. आता असे समजा, की बाहेर हा पाऊस चालला आहे, आणि तुम्ही १७ क्रमांकाच्या लेण्यात शिरला आहात. आत थंड काळोख आहे. डोळे सरावले की भिंती हळूहळू दिसू लागतात. भिंतींवरही जंगलच आहे! झाडे, वेली, माकडे, हरणे, हंस आणि हत्ती. या चित्रांपैकी कित्येक जातककथांवरची आहेत.

त्यांत एका पांढऱ्या हत्तीची कथा आहे. त्याची आई आंधळी होती. तो तिला हिंडवून फळे, कंद, पाणी देई. एकदा जंगलात वाट चुकलेला एक माणूस त्याला भेटला. हत्तीने त्याला पाठीवर घेऊन जंगलाबाहेर पोचवले. त्या माणसाने काय केले? सरळ राजाकडे जाऊन हत्तीचा पत्ता सांगितला. एहसानफरामोश! राजाच्या माणसांनी हत्तीला पकडून आणले. उत्तम चारा त्याच्यापुढे ठेवला, पण तो एक काडीही खाईना. राजाने कारण विचारले, तेव्हा कळले, की रानात त्याची आंधळी आई उपाशी आहे. राजाने त्याला सोडून दिले. हत्ती आपल्या माणसांत, म्हणजे आपल्या हत्तींत, परत पोचला, तो क्षण चित्रकाराने भिंतीवर रंगवला आहे. ते पाहताना रंग कोठे कोठे उडाले आहेत, इकडे आपले लक्षही जात नाही.

या लेण्यांच्या बाबतीत माणूस दोन्ही तऱ्हांनी वागला आहे. शेकडो वर्षे ती झाडीत झाकलेली होती. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी शिकारीसाठी तिकडे आला आणि त्याला लेणे दिसले. आनंदाच्या भरात त्याने १० क्रमांकाच्या लेण्यातील रंगवलेल्या खांबावर स्वतःचे नाव आणि तारीख कोरली. पुढे त्याचे अनुकरण करणारे पुष्कळ निघाले. याउलट गुलाम यझदानी यांचे उदाहरण घ्या. हैदराबाद संस्थानात १९१४ साली पुरातत्त्व खाते सुरू झाले, त्याचे ते प्रमुख होते. त्या काळी अजिंठा या संस्थानात येत असे. चित्रांचे पोपडे गळू लागले होते. तेव्हा निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून जाणकार कारागीर आणवले आणि ते पोपडे भिंतीला पुन्हा चिकटवून घेतले. यझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांवर चार भागांचा मोठा ग्रंथ केला. तो १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. ज्या चित्रकारांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत, त्यांचे एहसान ओळखण्याची ही एक रीत झाली. मराठवाड्याचेच उर्दू कवी सिकंदर अली वज्द यांनी अजिंठ्यावर कविता लिहिली आहे. तुमच्या उर्दूच्या शिक्षकांना विचारा, ते ती तुम्हांला नक्की वाचून दाखवतील.

येथवर सारे सुंदर वाटले. पण तुमच्यापैकी एखाद्याचे शेत रानालगत असेल, तर तो मनात म्हणत असेल, “हरणावर दया करा असे सांगणे सोपे आहे. रात्री आमच्या शेतात येऊन पाहा!” त्याचे म्हणणे चुकीचे नाही. नीलगाईंचा कळप किंवा रानडुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवतात. घरातली माणसे थंडीत मचाणावर बसून डबे वाजवत रात्री जागवतात. मग करुणा करायची ती कोणावर? जनावरावर की शेतकऱ्यावर? जातककथा लिहिणाऱ्यांना हा प्रश्न ठाऊक होता. म्हणूनच ही शेवटची कथा सांगायची मी राखून ठेवली होती.

वाराणसीच्या राजाला रोज हरणाचे मांस लागे. राजाच्या बागेत हरणांचे दोन कळप कोंडलेले होते. एका कळपाचा नायक निग्रोध, म्हणजे वड नावाचा हरीण. दुसऱ्याचा शाखा नावाचा. दोघेही सोन्यासारख्या रंगाचे. राजाने त्या दोघांना अभय दिले होते. शिकारीच्या वेळी धावाधाव होऊन एकाऐवजी दहा हरणे जखमी होत, म्हणून हरणांनी आपसांत ठरवले, की रोज पाळीप्रमाणे एका हरणाने आपण होऊन मरणाला सामोरे जायचे. एके दिवशी शाखाच्या कळपातील एका गाभण हरिणीची पाळी आली. ती शाखाला म्हणाली, “पाडस होऊ दे, मग आम्ही दोघेही पाळी देऊ.” शाखाने ऐकले नाही. तेव्हा ती निग्रोधाकडे गेली. निग्रोध तिला “जा, निश्चिंत राहा” म्हणाला, आणि तिच्या जागी स्वतः जाऊन त्याने ठोकळ्यावर मान ठेवली.

आचारी चमकला. या हरणाला तर अभय आहे! त्याने धावत जाऊन राजाला सांगितले. राजा आला. सारी हकिकत ऐकून त्याचे मन हलले. तो म्हणाला, “तुला आणि त्या हरिणीला दोघांनाही मी जीवदान देतो.”

दुसरा कोणी असता तर आभार मानून घरी गेला असता. निग्रोध गेला नाही. त्याने विचारले, “आम्ही दोघे वाचलो. बागेतल्या बाकीच्यांचे काय?” राजाने त्यांनाही अभय दिले. “बागेबाहेरच्या हरणांचे काय?” त्यांनाही दिले. “इतर चार पायांच्या प्राण्यांचे? पाखरांचे? पाण्यातल्या माशांचे?” राजा देत गेला आणि निग्रोध मागत गेला.

मात्र गोष्ट येथे संपत नाही. आता मारणारे कोणी उरले नाही, तेव्हा हरणे खुशाल शेतात शिरून पिके खाऊ लागली. शेतकरी राजवाड्यापुढे जमले. राजा म्हणाला, “मी शब्द दिला आहे. राज्य गेले तरी चालेल, पण तो मोडणार नाही.” शेतकरी हात हलवत परतले. निग्रोधाच्या कानांवर हे गेले. त्याने सारी हरणे गोळा केली आणि बजावले, “आजपासून कोणाचेही पीक खायचे नाही.” मग त्याने शेतकऱ्यांना निरोप पाठवला, “शेताला कुंपण घालू नका. कडेने नुसती पाने बांधून ठेवा. त्या खुणेवरून आम्ही ओळखू, की हे शेत आहे.”

तेव्हापासून शेताच्या कडेला पाने बांधण्याची चाल पडली, आणि बांधलेली पाने दिसली की एकही हरीण ती ओलांडून आत जात नसे, असे ती कथा सांगते.

वाराणसीजवळच्या सारनाथला बुद्धांनी आपले पहिले प्रवचन दिले. त्या जागेचे जुने नाव मृगदाव, म्हणजे हरणांचे रान. तेथे आजही एका कुंपणाआड हरणे ठेवलेली आहेत.

स्वाध्याय

१. लोकांनी भिक्षूंविषयी कोणती तक्रार केली? बुद्धांनी तिच्यावर काय केले?

२. पोपटाने शक्राजवळ दुसरे झाड का मागितले नसेल? तुमच्या शब्दांत लिहा.

३. ‘कृतज्ञ’ आणि ‘कृतघ्न’, ‘एहसानशनास’ आणि ‘एहसानफरामोश’ हे शब्द वापरून पाठातील व्यक्ती व प्राणी यांच्याविषयी चार वाक्ये लिहा.

४. राजाने शब्द मोडला नाही, पण शेतकऱ्यांचे नुकसान होऊ दिले. त्याचे वागणे तुम्हांला बरोबर वाटते का? वर्गात दोन गट करून चर्चा करा.

५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या शेतकऱ्याला भेटा. रानातील जनावरांपासून पीक राखण्यासाठी ते काय करतात, हे विचारून दहा ओळी लिहा.